‘जरा पॉप होत नाहीये’ ही भाषा आली कुठून?

"जरा पॉप होत नाहीये", "थोडं प्रीमियम वाटू दे", "छान आहे पण वॉव फॅक्टर मिसिंग आहे", आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे "इंटर्नली अलाइन होऊन सर्कल बॅक करतो" (म्हणजे आमच्यात ठरवून मग सांगतो). मुंबई-पुण्यातल्या जाहिरात एजन्सीतले डिझायनर आणि कॉपीवाले क्लायंटचं हे रोज ऐकतात, आणि सर्व्हिसिंगवाला, म्हणजे क्लायंट आणि एजन्सीमधला दुवा, ते जसंच्या तसं फॉरवर्ड करतो म्हणून शिव्या त्याला बसतात. पण ही भाषा आजच्या क्लायंटने शोधलेली नाही. हिचं मूळ शोधत गेलं की ऐंशी वर्षं मागे जावं लागतं, आणि तेही अमेरिकेत.

या सगळ्याला आपण फीडबॅक म्हणतो, आणि फीडबॅक हे मुळात इंजिनियर लोकांचं, सर्किटमधलं प्रकरण. माणसांच्या बाबतीत ते रुळलं १९४६ च्या उन्हाळ्यापासून. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनला वांशिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी एक वर्कशॉप घेतलं होतं. दिवसभरात कोण कसं वागलं याची चर्चा निरीक्षक संध्याकाळी आपापसात करायचे, तर काही सहभागी म्हणाले आम्हालाही बसू द्या, आणि बसल्यावर एका बाईंनी मध्येच सांगितलं की माझ्याबद्दल हे जे बोलताय ते मला मान्य नाही, झालं होतं वेगळंच. लेविन वैतागले नाहीत, उलट खूश झाले, आणि मग रोज संध्याकाळी सगळेच यायला लागले. पुढच्या वर्षी मेन राज्यातल्या बेथेलला याच पद्धतीची शिबिरं सुरू झाली आणि तिथून ती कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये घुसली. म्हणजे बघा, ज्याच्याबद्दल बोलतोय त्याने उलट बोलायचं हाच त्यातला खरा भाग होता, आणि ऑफिसात येईपर्यंत नेमका तोच गळून पडला.

दुसरा धागा जाहिरातवाल्यांचा स्वतःचाच आहे. बीबीडीओ या एजन्सीचे ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी १९३९ च्या सुमारास ब्रेनस्टॉर्मिंग सुरू केलं, त्याचा पहिला नियम असा की आयडिया निघत असताना टीका करायची नाही. आयडियांची पारख नंतर करा, असं त्यांचं म्हणणं होतं, ते 'नंतर' राहिलं बाजूला आणि मीटिंगमध्ये सरळ 'नाही' म्हणणं म्हणजे असभ्यपणा असं होऊन बसलं (माझा आपला तर्क, पण मीटिंगांमध्ये बसून बसून पक्का झालेला). मग नाही म्हणायचं कसं, तर आडून! पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे जाहिरात कंपन्यांच्या रस्त्यावर, "आयडिया झेंड्यासारखी वर चढवून बघू, कोण सलाम ठोकतं ते" असली वाक्यं चालायची, म्हणजे मत कुणाचंच नाही, जबाबदारीही कुणाची नाही. १९५७ च्या एका गाजलेल्या कोर्टरूम सिनेमात जाहिरात कंपनीतल्या पात्राच्या तोंडी हेच वाक्य टाकून त्याची खिल्ली उडवलीये, तेव्हा वैतागही तितकाच जुना.

सत्तरच्या दशकात मॅनेजमेंट कन्सल्टंट नऊ ठिपक्यांचं कोडं घेऊन फिरायला लागले (ठिपक्यांच्या चौकटीबाहेर रेघ नेल्याशिवाय ते सुटत नाही), 'आउट ऑफ द बॉक्स' हा शब्दप्रयोग त्यातूनच फोफावला. कळस झाला कॅलिफोर्नियात. पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीने चार्ल्स क्रोन नावाच्या सल्लागाराच्या विचारांवर बेतलेलं ट्रेनिंग कर्मचाऱ्यांना द्यायला घेतलं, त्यात गुर्जिएफ या गूढवादी गुरूची छाप, आणि भाषा इतकी अगम्य की कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या, १९८७ मध्ये बातम्या झाल्या आणि राज्याच्या नियामक आयोगाने चौकशी लावली. ट्रेनिंग गुंडाळलं, भाषेला मात्र कुणी हात लावू शकलं नाही. आपल्याकडे ती एमबीए आणि मल्टिनॅशनल क्लायंटबरोबर आली आणि आता तर डिझाइनची लिंक सगळ्यांना जाते, त्यामुळे अकाउंट्समधला माणूसही रंगावर कमेंट टाकतो.

२०११ मध्ये डब्लिनमधल्या जाहिरातवाल्यांनी आपापल्या क्लायंटची सगळ्यात भयंकर वाक्यं पोस्टरवर छापून चक्क प्रदर्शन भरवलं आणि पोस्टर विकून पैसे मुलांच्या हॉस्पिटलला दिले. मला हा प्रकार भारी आवडतो.

आणि क्लायंटने मधे न पडण्याचं उलटं उदाहरण लांब शोधायला नको. १९६६ मध्ये अमूल बटरचं काम सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्याकडे मुंबईत आलं, तेव्हा ताज्या बातमीवरची होर्डिंग वेळेत लागायची तर अप्रूव्हलसाठी थांबून चालणार नव्हतं. अमूलचे व्हर्गिस कुरियन यांनी सांगून टाकलं की दाखवायला येऊ नका, परस्पर लावा. लोगो मोठा करा म्हणायला मधे कुणी उरलंच नाही.