तालीम मास्तर (संगीत नाटक)

संगीत नाटक मंडळीत नटांकडून नाटक बसवून घेणारा जाणता माणूस. ‘दिग्दर्शक’ हा शब्द रुळण्यापूर्वी हे काम बहुधा याच नावाखाली चाले. सांगली-साताऱ्याकडे नुसते ‘तालीम’ म्हटले की अजूनही आधी लाल माती आणि लंगोट डोळ्यांपुढे येतो. शब्द मुळात अरबी, अर्थ शिकवणे. तो आखाड्याने आणि रंगभूमीने वाटून घेतला. उस्ताद जसा मातीत उतरलेला पहिलवान असे, तसा हा मास्तरही तोंडाला रंग फासलेला नट असे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा या कामाला वेगळे नाव नव्हते. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून, भाव्यांनी नाटक रचले, पदे बांधली आणि पात्रेही तयार केली. या खेळांत गणपती नाचत येई, मोरावर बसलेली सरस्वती नाचे, राक्षस आरोळ्या ठोकीत. पदे मात्र सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे. पाठांतराचा जाच नव्हता, त्यामुळे तालीमही बेताची.

चित्र पालटले ते १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने. आता पात्रे स्वतः गाऊ लागली आणि संवाद लिहून आले. गळा, अभिनय आणि चाल एकाच देहात बसवायची वेळ आली. गवई नटाचा ओढा तानेकडे. पदाचा अर्थ आणि प्रसंगाचे भान त्याला दुसऱ्या कोणी तरी द्यावे लागे. तालीम मास्तर खऱ्या अर्थाने इथे जन्मला.

या परंपरेतले ठळक नाव गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६). जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, हळदीच्या पेवांचे हे गाव. देवल आधी शाळामास्तर, मग किर्लोस्करांच्या मंडळीत नट आणि शिक्षक, आणि त्याच वाटेने नाटककार. ‘शारदा’ (१८९९) त्यांचीच. तिची पदे बोलण्याच्या इतकी जवळची आहेत की ती लिहिणारा तालमीत नटांचे उच्चार ऐकत आलेला होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९०५ मध्ये मिरजेला नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांना घडवणाऱ्यांत देवल होते.

तालमीची रीत साधी, पण चिवट. प्रत्येकाला आपल्या भूमिकेची ‘नक्कल’ मिळे. पूर्ण नाटक नव्हे, फक्त आपली भाषणे आणि त्याआधीचे दुसऱ्याचे शेवटचे शब्द. ती पाठ झाली की उभ्याने तालीम. मास्तर स्वतः करून दाखवी. स्त्रीपार्टी मुलाला नऊवारीचा घोळ सांभाळत चालायला, पदर सावरायला, मान किती वळवायची हे शिकवायला ते अंगातून गेलेला माणूसच लागे. याची दुसरी बाजूही होती: पुष्कळ शिष्य मास्तरांची हुबेहूब छाप होऊन बसत.

पुढच्या पिढीत चिंतामणराव कोल्हटकर (१८९१–१९५९) येतात. ते नेवरीचे, गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत. मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये त्यांचा घनश्याम गाजला, समोर दीनानाथांची लतिका, आणि मंडळीची नाटके बसवण्याचा भारही चिंतामणरावांवरच असे. ‘बहुरूपी’ या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. बोलपटाने नाटक मंडळ्यांचे गल्ले ओस पाडले, तेव्हा बळवंतनेही सांगलीत चित्रपटाचा घाट घातला. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’साठी विश्राम बेडेकरांच्या जोडीने चिंतामणरावांचे नाव लागले ते ‘दिग्दर्शक’ म्हणून.