प्लेट-लोडपासून मेनूपर्यंत: आयसी-७३००च्या सेटिंग्जमागची गोष्ट

आयकॉमचा आयसी-७३०० हा हौशी रेडिओचा संच (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र) २०१६ मध्ये बाजारात आला. जुन्या संचावरून त्याच्याकडे वळणारे हॅम (हौशी रेडिओचालक) पहिल्यांदा गोंधळतात ते मेनूपाशी: नॉब मोजके, सेटिंग्ज ढीगभर. पण त्यातली बरीचशी सेटिंग्ज म्हणजे एखाद्या जुन्या नॉबचा किंवा जुन्या दुखण्याचा वारसा आहे. ते दुखणं समजलं की आकडा किती ठेवायचा हेही समजतं.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर पूर्वी वेगवेगळे असत. कॉलिन्सच्या केडब्ल्यूएम-१ ने १९५७ मध्ये एसएसबीसाठी (सिग्नलची एकच बाजू, म्हणजे साइडबँड, वापरून आवाज पाठवण्याची पद्धत) दोन्ही एका पेटीत आणले. १९७०च्या दशकात यासूचा एफटी-१०१ जगभर पसरला. त्याचा रिसीव्हर ट्रान्झिस्टरचा होता, पण आउटपुटला ६जेएस६सी व्हॉल्व्हची जोडी होती. बँड बदलला की आधी प्रीसिलेक्टर (आतली सर्किट बँडवर जुळवणारा नॉब) जुळवायचा, प्लेट नावाचा नॉब फिरवून करंटचा डिप (सर्वांत कमी बिंदू) काढायचा, लोड (अँटेनाकडे किती शक्ती जाते ते ठरवणारा नॉब) थोडा वाढवायचा आणि पुन्हा डिप. हे सगळं काही सेकंदांत, नाहीतर व्हॉल्व्ह तापून लाल होत.

ट्रान्झिस्टर आउटपुटला आले आणि ही कसरत संपली. मात्र प्लेट-लोड वाकडीतिकडी अँटेनाही सांभाळून घेत. ट्रान्झिस्टरला ते जमत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते याचं माप) वाढला की संरक्षण-सर्किट पॉवर उतरवतं. ७३००चा आतला ट्यूनर (अँटेना जुळवणारं सर्किट) साधारण ३:१ एसडब्ल्यूआरपर्यंतच जुळवतो. त्यापुढे अँटेनाच दुरुस्त करावी. शिवाय एफटी-१०१ थेट घरच्या विजेवर चाले, तर ७३००ला पूर्ण १०० वॉटवर १३.८ व्होल्टला २१ अँपिअरपर्यंत लागतात. पॉवर सप्लाय २५ ते ३० अँपिअरचा घ्यावा आणि तारा जाड व आखूड ठेवाव्यात. तारांचा रोध अवघा ०.०५ ओहम असला तरी २० अँपिअरला १ व्होल्ट गळतो आणि मग आवाजाच्या शिखरांना सिग्नल फाटतो.

फिल्टरची कथाही अशीच. सीडब्ल्यू (मोर्स) अरुंद पट्ट्यात ऐकायचं तर ५०० हर्ट्‌झचा क्रिस्टल फिल्टर वेगळा विकत घ्यावा लागे. १९९०च्या दशकात डीएसपीने (सिग्नलवर आकड्यांनी होणारी प्रक्रिया) ते काम उचललं. ७३०० आणखी पुढे गेला: अँटेनाचा सिग्नल बँडपास फिल्टरमधून जातो आणि थेट १४ बिटांच्या कन्व्हर्टरवर (सिग्नलचे आकडे करणारी चिप) पडतो. एसएसबीला ३.०, २.४ आणि १.८ किलोहर्ट्‌झ या तीन रुंदी तयार मिळतात, त्याही बदलता येतात. किंमत एवढीच की फिल्टरमधून आलेला सगळा पट्टा कन्व्हर्टरला एकदम सोसावा लागतो. शेजारचं जोरकस स्टेशन आलं की पडद्यावर ‘ओव्हीएफ’ (कन्व्हर्टरला सिग्नल झेपत नसल्याची खूण) झळकतं. तेव्हा प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारं सर्किट) बंद करा, मग आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) उतरवा किंवा सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावा. ७ मेगाहर्ट्‌झवर वातावरणाचा गोंगाटच इतका असतो की प्रीअँपची सहसा गरज पडत नाही.

सर्वांत जास्त चुका डिजिटल मोडमध्ये (संगणकातून संदेश पाठवताना) होतात. पूर्वी संगणक आणि संच यांच्यामध्ये वेगळा इंटरफेस लागे; ७३००मध्ये साउंडकार्ड आतच आहे. केबल लावण्याआधी ड्रायव्हर टाकावा. पुढे शब्दाचा घोळ होतो, कारण यूएसबी म्हणजे वरची साइडबँडही आणि केबलही. एफटी८ला (छोट्या संदेशांचा एक डिजिटल मोड) संचाचा मोड यूएसबी-डी (डेटासाठी वरची साइडबँड) हवा आणि ‘डेटा मॉड’ला (पाठवायचा ऑडिओ कुठून घ्यायचा ती सेटिंग) केबलची यूएसबी. तिथे ‘एसीसी’ (मागचं जोडणीचं सॉकेट) राहिलं तर संच ट्रान्समिटला जातो, पण पॉवर शून्य. ‘यूएसबी सेंड’ला (केबलवरून ट्रान्समिट सुरू करण्याची सेटिंग) आरटीएस (पोर्टचा एक नियंत्रण-सिग्नल) निवडलं असेल तर प्रोग्रॅम पोर्ट उघडताच संच ट्रान्समिटमध्ये अडकू शकतो, पीटीटी (ट्रान्समिट सुरू करण्याची सूचना) सीआय-व्ही (संगणकावरून संच चालवण्याची आयकॉमची पद्धत) आदेशाने दिल्यास ‘यूएसबी सेंड’ बंदच ठेवा.

ऑडिओची पातळी संगणकावर कमी करत एएलसीची (पातळी आपोआप आवरणारं सर्किट) पट्टी जेमतेम हलेल इथवर आणावी. ती चढली की सिग्नल पसरतो आणि बँडवरच्या शेजारच्या स्टेशनांना त्रास होतो. बीआयटीएक्स या घरी बनवलेल्या संचावरून आलेल्या भारतीय हॅमना हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या साध्या सर्किटमध्ये एएलसी नव्हताच. एफटी८चं एक प्रसारण १२.६४ सेकंद अखंड चालतं आणि संच तापतो, म्हणून ३० ते ५० वॉट पुरे. संगणकाचे इतर आवाज या साउंडकार्डवर जाऊ देऊ नका, नाहीतर मेलची घंटा बँडवर ऐकू येते.

सगळं जमलं की सेटिंग्ज एसडी कार्डावर साठवा. कार्ड संचातच फॉरमॅट करा. फर्मवेअर बदलण्यापूर्वी आणि पूर्ण रीसेट करण्यापूर्वी ही फाइल हाताशी हवीच.