पलंगाचे नूतनीकरण (गोवा)

गोव्यातील जुन्या घरांतले लाकडी पलंग, विशेषतः मच्छरदाणीसाठी चार खांब असलेले, सांधे बसवून व पृष्ठभाग उजळून पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. हे काम सुतार (गोव्यात मेस्त) आणि पॉलिशचा कारागीर मिळून करतात. ‘पलंग’ हा शब्द संस्कृत ‘पर्यंक’, ‘पल्यंक’ यांवरून आला असून, पोर्तुगिजांनी पालखीसाठी उचललेला शब्दही बहुधा याच कुळातला आहे.

असे पलंग साग वा शिसवी लाकडाचे असतात. पिळाच्या, म्हणजे मळसूत्रासारख्या कातलेल्या खांबांचे मूळ वादग्रस्त आहे. सतराव्या शतकातील पोर्तुगीज फर्निचरात हा पीळ विपुल आढळतो, म्हणून तो तेथून गोव्यात आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु भारतीय कातकामाचा प्रभावच युरोपात गेला, असाही एक पक्ष आहे. पिळाच्या पायांच्या आबनुशी खुर्च्या अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ट्यूडरकालीन (म्हणजे सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या राजघराण्याच्या काळातल्या) समजल्या जात. पुढे त्यांच्यावर गोव्याचेही नाव लागले आणि आता अभ्यासकांचा कल कोरोमंडल, म्हणजे भारताच्या आग्नेय किनाऱ्याकडे आहे. तेव्हा केवळ पिळावरून पलंगाचे गाव किंवा काळ ठरवू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पॉलिशवरून काळ ठरवणे त्याहून धोक्याचे आहे, कारण पुरचुंडीने लाखेचे अनेक पातळ हात चढवण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली आणि त्याआधीच्या पलंगांवरही ती मागाहून वापरली गेली असणे शक्य आहे.

कामाच्या आरंभी आडबाजूला स्पिरिटचा बोळा लावून पाहतात. पृष्ठभाग चिकट झाला, तर लेपन लाखेचे आहे असे समजावे. असे लेपन सहसा खरवडावे लागत नाही. स्पिरिटने ते विरघळते आणि नव्या हातात मिसळून जाते. नवे पॉलिश करण्यासाठी एक लिटर स्पिरिटात सुमारे 120 ते 240 ग्रॅम चपडा लाख भिजवतात आणि मलमलीत कापूस बांधलेल्या पुरचुंडीने ते घासतात. पावसाळ्यात हे काम टाळतात: स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर उतरते आणि लाख पांढुरकी, धुरकट पडते. गोव्यात पाऊस साधारण जून ते सप्टेंबर पडत असल्याने कोरडा हंगाम सोयीचा ठरतो. मेलामाइन या कृत्रिम राळेचा लेप ओलाव्याला अधिक टिकतो, मात्र तो स्पिरिटने निघत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती अवघड होते.

खाच आणि कूस (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) यांचे जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. गरम पाणी व वाफ दिल्यास ते सुटतात. भुंगेऱ्यांची भोके मुख्यतः फिकट बाहेरच्या लाकडात दिसतात, सागाच्या गाभ्यात क्वचितच. भोकांतून ताजी पूड गळत असेल, तर पॉलिशआधी कीड मारावी लागते. आजच्या गादीसाठी आखूड पलंगाच्या बाजूपट्ट्या बदलतात. मूळ पट्ट्या मात्र जपून ठेवाव्यात.

शंभर वर्षांहून जुने फर्निचर 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.