ट्रॅफिक टिपणाऱ्या सॉफ्टवेअरची उलटतपासणी

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर अनेकांना लागतं. साइट कुठे अडकते ते शोधायला, सुरक्षेतल्या त्रुटी तपासायला, एखादं ॲप आपल्या नकळत कुणाला काय पाठवतं ते पाहायला. टीसीपीडंप १९८८पासून आहे. वायरशार्क १९९८मध्ये इथरिअल या नावाने आलं आणि २००६मध्ये त्याचं नाव बदललं. अशा सगळ्याच साधनांची एक अडचण आहे: त्यांनी तयार केलेली फाइल नेहमी भरगच्च दिसते. टीसीपी (डेटाला क्रमांक लावून पोचवण्याची पद्धत) कनेक्शनमधलं एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, गळालं, तर क्रमांकातल्या खंडावरून ते लक्षात तरी येतं. पण अख्खं कनेक्शनच सुटलं, तर फाइलमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून ‘चालू करून पाहिलं, बरंच काही टिपलं गेलं’ याला मी चाचणी म्हणत नाही. सत्र सुरू होण्याआधीच त्याचं उत्तर कागदावर हवं: किती विनंत्या जाणार, कुठल्या क्रमाने, प्रत्येकीच्या उत्तरात किती बाइट येणार. हे माहीत असायचं, तर ट्रॅफिक आपणच तयार करायला हवं. लोकप्रिय साइट उघडून चाचणी घेण्यात अर्थ नाही. ती दर वेळी वेगळ्या जाहिराती आणि वेगळ्या स्क्रिप्ट पाठवते.

साधी मांडणी अशी. आपल्याच सर्व्हरवर एक पान ठेवायचं: एक स्टाइलशीट, एक स्क्रिप्ट आणि बारा चित्रं. प्रत्येक पत्त्याला अनुक्रमांक जोडायचा आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) आधीच काढून ठेवायचा. पान धरून पंधरा विनंत्या अपेक्षित. सत्र संपलं की तीन याद्या शेजारी मांडायच्या: आपली आधीची, सर्व्हरच्या लॉगमधली आणि टिपलेली. सर्व्हरचा लॉग हा इथला स्वतंत्र साक्षीदार. सर्व्हर सोळा दाखवतो? बहुधा ब्राउझरने टॅबवरचं छोटं चिन्ह आपणहून मागितलं असेल. ते अपेक्षित यादीत घालायचं आणि पुढे जायचं. सर्व्हरकडे नोंद आहे आणि टिपलेल्या फाइलमध्ये नाही, असं दिसलं तर मात्र थांबायचं.

आता तेच पान पुन्हा उघडा. या वेळी फाइलमध्ये फारच थोडं दिसतं. कॅशमुळे, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेल्या प्रतींमुळे असेल, असं वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण दुसरं कारणही असू शकतं. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधल्या संवादाचे नियम; त्यांची एचटीटीपी/३ ही २०२२मध्ये प्रमाणित झालेली आवृत्ती टीसीपीवर चालत नाही. ती क्विकवर चालते आणि क्विक यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर. बऱ्याचदा ब्राउझर पहिल्यांदा टीसीपीनेच जोडला जातो, सर्व्हर उत्तरासोबत ‘माझ्याकडे एचटीटीपी/३ पण आहे’ असं कळवतो, आणि पुढची देवाणघेवाण यूडीपीवर सरकते. फिल्टर (काय टिपायचं ते ठरवणारी अट) फक्त टीसीपीच्या ४४३ पोर्टवर, म्हणजे सुरक्षित साइटच्या नेहमीच्या दारावर, लावला असेल, तर पहिली भेट छान टिपली जाते आणि दुसरी निसटते. वरवर दोन्ही कारणांचं लक्षण एकच: कमी पॅकेट. म्हणून कॅश बंद ठेवून एक सत्र आणि चालू ठेवून दुसरं, असं वेगळं घ्यायलाच हवं. कॅश बंद असतानाही दुसऱ्या भेटीत विनंत्या कमी दिसल्या, तर संशय फिल्टरवर. एकाच सत्रात दोन गोष्टी बदलल्या की निदान करणं अवघड होऊन बसतं.

एन्क्रिप्शनचा प्रश्न याच्या पोटातला. एचटीटीपीएसच्या, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या एचटीटीपीच्या, आत पाहायचे दोन मार्ग आहेत. ब्राउझरला सत्राच्या किल्ल्या फाइलमध्ये लिहायला सांगायचं, किंवा स्वतःचं प्रमाणपत्र घेऊन मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, बसवायचा. प्रॉक्सीने एका कनेक्शनची दोन होतात आणि दोन्ही बाजूंना एचटीटीपीची आवृत्ती वेगळी ठरू शकते. टिपलेलं खरं असतं, पण प्रॉक्सी नसताना जे घडलं असतं ते हेच, असं म्हणता येत नाही.

भाराचं सत्र वेगळं ठेवावं. १० गिगाबिटच्या इथरनेटवर सगळ्यात लहान फ्रेम भरून पाठवल्या, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेट येतात, म्हणजे एकासाठी साधारण ६७ नॅनोसेकंद. इतक्या वेगात बऱ्याच साधनांची दमछाक होते, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न हा, की ते तसं सांगतात का? टीसीपीडंप थांबताना किती टिपली, फिल्टरपर्यंत किती आली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) किती टाकून दिली, हे आकडे देतो. पॅकेट गाळून तसं कबूल करणारं सॉफ्टवेअर मला मुकाट्याने गाळणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाचं वाटतं. म्हणून भार मुद्दाम गळती सुरू होईपर्यंत वाढवायचा आणि गळतीचा आकडा आपल्या हिशेबाशी जुळतो का, ते पाहायचं.

चाचणीत खऱ्या माणसांचं ट्रॅफिक वापरू नये. कुकी, पासवर्ड, टोकन, सगळं त्यात येतं. खोट्या खात्याचा खोटा पासवर्ड मात्र फार उपयोगी पडतो. सॉफ्टवेअर पासवर्ड झाकतं असा दावा असेल, तर लॉगिन करायचं आणि तयार झालेल्या फाइलमध्ये तो शोधायचा. त्या पासवर्डात एखादं देवनागरी अक्षर जरूर ठेवा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत अशा अक्षराचे तीन बाइट होतात आणि फॉर्ममधून जाताना प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहिला जातो, म्हणजे एका अक्षराची नऊ चिन्हं. नुसता मूळ पासवर्ड शोधला तर काहीच सापडत नाही आणि झाकण्याची सोय चालते असा समज होतो. प्रत्यक्षात पासवर्ड नऊ-नऊ चिन्हांच्या रूपात तिथेच पडलेला असतो. बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची आणखी एक पद्धत) रूपही शोधायचं.

घड्याळांकडे एक नजर हवीच. टिपणारं यंत्र आणि सर्व्हर यांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक असला, तरी उत्तर विनंतीच्या आधी आल्यासारखं दिसतं. दोन्ही घड्याळं एकाच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून मगच सत्र सुरू करावं.

शेवटचं सत्र मोडतोडीचं. टिपणं चालू असताना प्रोग्राम सक्तीने बंद करायचा, दुसऱ्या खेपेला डिस्क भरू द्यायची. नंतर फाइल उघडते का, शेवटची पूर्ण नोंद कोणती आणि सर्व्हरच्या लॉगनुसार त्यानंतर किती विनंत्या आल्या होत्या, एवढं लिहून ठेवायचं. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती आणि फिल्टरची ओळ जशीच्या तशी. ब्राउझर बदलला की दुसऱ्या भेटीचं सत्र पुन्हा घ्यावं लागतं, आणि तेव्हा हीच नोंद लागते.