ऑटिझम असलेल्या मुलाशी घरात मराठी बोलणं बंद करायची गरज नाही
"मूल बोलत नाहीये ना? मग घरातलं मराठी थांबवा, फक्त इंग्रजी ठेवा." ऑटिझमचं निदान झालेल्या कित्येक घरांना हा सल्ला मिळतो, कधी शाळेतून, कधी चक्क तज्ज्ञांकडून. त्याला आधार नाही. २०१२ साली कॅनडात ऑटिझम असलेल्या ७५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन भाषा कानावर पडणारी मुलं एकभाषिक मुलांपेक्षा भाषेत जास्त मागे पडलेली आढळली नाहीत. नंतरच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसलं. मराठी बंद केलं की आजी गप्प होते आणि आई 'कम, ईट, सिट'वर येते. (याला बोलणं म्हणायचं?) ज्या भाषेत तुम्ही सहज लाड करता, रागावता, तीच बोला. शाळेला मात्र मुलाचे घरचे शब्द लिहून द्या: 'मम्मं', 'शू', 'नको'. बाईंना ते कळलेच पाहिजेत.