घोणस, रात्रीची लाईट आणि काचेची नळी

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात अंधार पडल्यावर सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, नाहीतर नुसतं 'जनावर'. ते चावलं तर 'पान लागलं' म्हणायचं. जुलैतल्या एका रात्री साडेअकराला चुलतभावाचा फोन आला, "आबास्नी पान लागलंय, गाडी काढ." पुढचं काही विचारायची गरज पडली नाही.

त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्री दहाला यायची. मृग कोरडा गेला होता, ऊस माना टाकत होता, म्हणून आबा, माझे थोरले चुलते, बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, गेले होते. पायात साधी स्लिपर. बांधाकडेच्या पाचटात पाय पडला आणि घोट्याच्या वर काहीतरी डसलं. बॅटरी मारली तर अंगावर साखळीसारखे ठिपके असलेलं जाडजूड जनावर कुकरच्या शिट्टीसारखं फुसफुसत होतं. घोणस.

बाराच्या आत आम्ही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलो. तिथं डॉक्टर होते. कपाटात प्रतिविषाच्या कुप्या होत्या, सलाइन होतं. तरी आमच्या हातात चिठ्ठी पडली: मोठ्या दवाखान्यात न्या, इथं रिस्क नको. आबांच्या शिरेत पहिली कुपी गेली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आबा वाचले. पण मूत्रपिंडं बंद पडली, सहा वेळा डायलिसिस करावं लागलं आणि त्या वर्षीचं उसाचं बिल दवाखान्यातच गेलं.

औषध गावात असताना ते अंगात जायला पावणेदोन तास का लागले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी विष अंगात काय करतं ते बघावं लागतं.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. नस जिथं स्नायूला निरोप देते, तिथं नागाचं विष स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं आणि निरोप आत जाऊ देत नाही. मण्यारीचं विष नसेचं टोकच निकामी करतं. पापण्या खाली येतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. नागाच्या बाबतीत प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन नावाचं औषध दिलं तर पापण्या पुन्हा उचलल्या जातात. मण्यारीनं केलेली मोडतोड भरून यायला मात्र दिवस लागतात, तोवर माणसाला यंत्रानं श्वास द्यावा लागतो.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं, आणि घोणसेची रीत मोठी विलक्षण आहे. तिचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम चेतवतं. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि गोठण्याचं सामान, म्हणजे फायब्रिनोजेन, तासा-दोन तासांत संपून जातं. साठा संपला की रक्त पाण्यासारखं वाहतं. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून. मूत्रपिंडांवरही घाला पडतो. आबांचं तेच झालं.

हे ओळखायला लाखांची मशिनं लागत नाहीत. कोरडी, स्वच्छ काचेची टेस्टट्यूब घ्यायची, रुग्णाचं शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात सोडायचं आणि ती वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जागच्या जागी राहते. रक्त पातळच राहून काठाकडे वाहत आलं, तर विष रक्तात भिनलंय आणि प्रतिविष लगेच सुरू करायचं. पहिली चाचणी चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करत राहायची, कारण विष चढायला वेळ लागू शकतो. नळी काचेचीच हवी. काचेच्या पृष्ठभागाला लागलं की रक्त गोठायची क्रिया सुरू होते, प्लास्टिकवर ती नीट होत नाही. साबणानं धुतलेली नळीही चालत नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. म्हणजे सगळी परीक्षा एका काचेच्या नळीवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर होते. त्या रात्री ती कुणी केली नाही.

प्रतिविष घोड्यांपासून तयार होतं. सापाचं विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, घोड्याचं शरीर त्यावर प्रतिपिंडं तयार करतं, ती रक्तातून वेगळी काढून शुद्ध करतात. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर मिळून एकच असतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. एका मिलिलिटरनं घोणसेचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी होतं, म्हणजे दहा मिलिलिटरच्या कुपीनं ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी करायची असते. लहान लेकरालाही मोठ्या माणसाएवढ्याच कुप्या द्याव्या लागतात, कारण समोर कोण आहे हे बघून साप विष कमी सोडत नाही. "पोरगं लहान आहे, दोन कुप्या बास" असं म्हणणारे अजून भेटतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

भुकटीच्या रूपातल्या कुपीला फ्रिज लागत नाही, लाईट गेलेल्या केंद्रातही ती टिकते. मग डॉक्टर कचरतात कशाला? घोड्याची प्रथिनं माणसाच्या अंगात गेली की काहींना जोराची रिअॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. ही भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. रात्री एकट्यानं ड्युटी करणाऱ्या, कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरानं काय करावं? समोर पंचवीस नातेवाईक उभे, काही बरंवाईट झालं तर केंद्र फोडतील ही धास्ती. पण त्या रिअॅक्शनवर अॅड्रिनॅलिन नावाचं स्वस्त औषध आहे आणि ते प्रत्येक केंद्रात असायलाच हवं. ते सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं, प्रतिविष सलाइनमधून सुरू करायचं आणि रुग्णापासून हलायचं नाही. 'टेस्ट डोस' देऊन वाट बघण्यात अर्थ नाही, त्यातून रिअॅक्शनचा अंदाज येत नाही. मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. पहिला डोस इथं, मग अॅम्ब्युलन्स. हा क्रम उलटा झाला की मूत्रपिंडं जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम एकट्या डॉक्टरच्या धाडसावर सोडता येणार नाही. त्याला दरवर्षी पावसाळ्याआधी प्रशिक्षण हवं, अवघड वाटलं तर मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातला नाहीतर साताऱ्याच्या सिव्हिलमधला अनुभवी डॉक्टर रात्री दोनलाही फोनवर मिळायला हवा, आणि नियमानं वागूनही रुग्ण गेला तर व्यवस्था डॉक्टरच्या पाठीशी उभी राहायला हवी.

आता आकड्यांकडे बघू. देशात २००१ ते २००३ या काळात झालेल्या मृत्यूंची घरोघरी जाऊन चौकशी केली गेली. आजारी कसे पडले, शेवटी काय झालं, हे घरच्यांना विचारून कारण ठरवलं. त्यावरून २००५ साली सर्पदंशानं सुमारे ४६ हजार माणसं गेली असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यांच्या नोंदींतला आकडा त्यापुढे अगदीच किरकोळ होता. फरकाचं कारण त्याच अभ्यासात सापडलं: यातले ७७ टक्के मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. कुणी घरी, कुणी वाटेत, कुणी मांत्रिकाच्या ओट्यावर. २०२० मधल्या पुढच्या अभ्यासानं २००० ते २०१९ या वीस वर्षांत १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला ५८ हजार. यातले सत्तर टक्के आठ राज्यांतले आहेत आणि त्यांत महाराष्ट्र नाही. आपल्याकडे स्थिती त्या मानानं बरी आहे हे मान्य करायला हवं, आणि त्याचं बरंचसं श्रेय गावोगावच्या आरोग्य केंद्रांना जातं. म्हणूनच त्या रात्रीचं जास्त लागतं. सगळं होतं, फक्त सुरू केलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा अधिसूचित आजार करायला सांगितलं. शेजारच्या कर्नाटकानं तर फेब्रुवारीतच ते केलं होतं. अधिसूचित म्हणजे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्याला प्रत्येक दंश आणि प्रत्येक मृत्यू कळवावा लागतो. वरवर हे कागदी काम वाटतं. पण कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, किती वाजता साप चावतोय हे कळल्याशिवाय कुप्या कुठं ठेवायच्या हे ठरवायचं कसं?

आणि किती वाजता हे कळलं, तर उत्तर आरोग्य खात्याच्या बाहेर जाईल. शेतीला लाईट आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री मिळते. घोणस रात्री उंदराच्या मागावर निघते, आणि आपण माणसाला त्याच वेळी, त्याच उसात, ओल्या सरीत उभं करतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. तिच्याकडे विजेची योजना म्हणूनच पाहिलं जातं. माझ्या मते ती आरोग्याचीही योजना आहे, आणि कोणत्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, दिवसाची वीज आधी द्यायची हे ठरवताना सर्पदंशाचा नकाशा समोर असायला हवा.

मण्यारीचं गणित आणखी वेगळं. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त झालं म्हणतात. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आमच्या शिवारात पडतात, तिथं लेकरंबाळं भुईवरच निजतात. गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीनं सर्पदंश कमी होतो, हे नेपाळच्या तराईतल्या पाहणीत दिसलं आहे. कोयत्याच्या उचलीबरोबर, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेबरोबर, प्रत्येक कोपीला एक मच्छरदाणी देणं कारखान्यांना जड नाही.

शिराळा आमच्यापासून अर्ध्या तासावर. नागपंचमीला तिथं जिवंत नागांची मिरवणूक निघायची, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली. सापाला हात लावायची भीती नसलेली आणि धामण कोणती, नाग कोणता हे लांबून ओळखणारी माणसं या भागात घरोघर आहेत. मांत्रिकाला यश का मिळतं हे त्यांना नीट कळतं. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी दात मारतो पण विष सोडत नाही. अशा वेळी अंगारा लावला काय आणि नाही लावला काय, माणूस उठून बसतोच. बिनविषारी कवड्या साप तर मण्यारीसारखाच दिसतो. त्याच्या दंशातून उठलेला माणूस पुढं दहा जणांना मांत्रिकाकडे पाठवतो, आणि अकरावा खऱ्या मण्यारीचा असतो.

साताऱ्याच्या पश्चिमेला अडचण अंतराची आहे. मैदानात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात लोकसंख्येचा हिशेब चालत नाही. रुग्णाला डोलीतून काठापर्यंत आणायचं, मग लाँच, मग घाटाचा रस्ता. अशा ठिकाणी निकष मिनिटांचा हवा: कुठल्याही वस्तीपासून पहिली कुपी किती मिनिटांवर आहे? तोवर पाय काठीला बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही, चालवायचं नाही.

आबा आता पंचाहत्तरीत आहेत. दारं धरायला जातात, पण गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, पुढं काठी आपटत. गेल्या मे महिन्यात ते मला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. जुने डॉक्टर बदलून गेलेत, आता एक तरुण मॅडम आहेत. "बाई, हितं कुप्या किती हैत?" आबांनी उभ्या उभ्याच विचारलं. मॅडमनी कपाट उघडलं, रजिस्टर दाखवलं. वीस कुप्या, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. अॅड्रिनॅलिन होतं, श्वास द्यायची पिशवीही होती. नळ्यांचा डबा उघडला तर सगळ्या प्लास्टिकच्या. मॅडम क्षणभर बघत राहिल्या, मग चिठ्ठीवर 'काच, २५' असं लिहून त्यांनी ती खिशात ठेवली. सोमवारी आबा पुन्हा गेले, नळ्या आल्यात का बघायला. आल्या होत्या.