बोअर संपल्यावर जमिनीचं काय?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कोटेशनमध्ये शेवटून दुसरी ओळ असते : 'जमीन पूर्ववत करणे'. बहुतेकांचं बोट तिथंच थांबतं. "बाकीचे गाडीवाले संध्याकाळी येतात, सकाळी बोअर मारून मोकळे. तुमचे हे दोन दिवस जास्तीचे कशाला, आणि हा खर्च कसला?" निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी हे आम्हाला कितीदा तरी विचारलंय. प्रश्न रास्त आहे आणि उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

आम्ही नाशिकचे, पण हे काम शिकलो विदर्भात, कोळसा शोधण्याच्या ड्रिलिंगवर. नाशिकखाली कोळसा लागत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रालाही तो रेल्वेनं बाहेरून येतो. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण. कोळसा सापडतो त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत. महाराष्ट्रात ते खडक चंद्रपूर, यवतमाळमधलं वणी आणि नागपूरजवळचं कामठी-उमरेड या पट्ट्यात आहेत. विहिरीत चकाकणारा काळा दगड लागला की काही जण आम्हाला फोटो पाठवतात, त्यांनाही आम्ही हेच सांगतो.

पाण्याच्या बोअरमध्ये हॅमर खडकाची भुकटी करतो. कोळशाच्या शोधात भुकटी चालत नाही, खडक अखंड हवा. हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट फिरत फिरत खडकाचा गोल दांडका कापत जातो. आमचं नेहमीचं होल ७५.७ मिलिमीटरचं, त्यातून निघणारा दांडका ४७.६ मिलिमीटरचा. दांडका ज्यात शिरतो ते बॅरल भरलं की आतली नळी वायरनं वर ओढायची, दांडके पेटीत ओळीनं लावायचे, खोली लिहायची. तासन् तास राखाडी वाळूचा दगड येत राहतो आणि मग एकदम काळी पट्टी. हातात घ्या, दगडाच्या मानानं हलकी लागते, बोटं काळी होतात. ती तिथल्या तिथं प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, कारण ओलावा उडाला की तपासणीचे आकडे चुकतात.

होलच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचं घट्टसर पाणी खेळवतात. त्यासाठी रिगच्या, म्हणजे ड्रिलिंगच्या यंत्राच्या, शेजारी खड्डा खणावा लागतो. आमच्या हातून चूक झाली ती याच खड्ड्यापाशी.

सुरुवातीच्या वर्षांत वणी तालुक्यातल्या एका शेतात काम आटोपलं, खड्डा बुजवला, वरून फळी फिरवली. सगळं सपाट दिसत होतं. पुढच्या खरिपात त्याच गावात दुसऱ्या होलसाठी गेलो, तेव्हा त्या शेतातल्या ताईंनी आम्हाला बांधावरून आत नेलं. आजूबाजूची कपाशी कमरेएवढी, आणि आमच्या खड्ड्याच्या जागेवर गुडघ्यालाही लागेना. खालची पिवळसर चुनखडीची माती आम्ही वर आणली होती आणि वरची काळी माती खाली गाडली होती. बेंटोनाइटचा थर वाळून त्याची पापडी झाली होती, पाणी मुरत नव्हतं. ताई रागावल्या नाहीत. "इथं माझ्या सासऱ्यांनी गाळ टाकला होता," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षीचं पीक आम्ही भरून दिलं, पण ती माती काही आम्हाला परत आणता आली नाही.

तेव्हापासून रिग उभी करण्याआधी वरची अर्धा फूट माती आम्ही वेगळी काढतो. तिचा ढीग बुटकाच ठेवतो. उंच ढिगात हवा खेळत नाही आणि मातीतला जीव गुदमरतो. खालची माती दुसऱ्या बाजूला. खड्ड्यात शेततळ्याचा कागद अंथरतो, म्हणजे काम संपल्यावर गाळ उपसून शेताबाहेर नेता येतो. इंजिनखाली डिझेलसाठी ट्रे. बुजवताना खालची माती आधी, वरची शेवटी. गाडीच्या चाकाखाली दबलेली पट्टी खोल नांगरून मोकळी करतो. काळी जमीन ओली असताना गाडी आत घालायची नाही, मग एक दिवस थांबावं लागलं तरी चालेल. दोन दिवस जातात ते यातच.

कोळशाच्या होलचं तोंड नुसतं झाकून भागत नाही. वरच्या थरातलं पाणी त्या वाटेनं खाली उतरतं, आणि उद्या तिथं खाण झाली तर विसरलेलं होल थेट कामगारांच्या डोक्यावर उघडतं. म्हणून पाइप तळापर्यंत सोडून सिमेंटची स्लरी खालून वर भरत आणतात. ३०० मीटरच्या होलला तीस-पस्तीस पोती सहज लागतात, आणि खडक फुटका असेल तर जास्तच. वरून चार पोती ओतून 'भरलं' म्हणता येतं, पण ते सिमेंट मध्येच अडकतं आणि खाली पोकळीच राहते.

आता आपल्या नाशिकचं. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरूचा पट्टा असं सगळं पार करूनही पाणी लागलं नाही, तर घरी सगळे खट्टू होतात आणि बोअरवर एखादा दगड ठेवून निघून जातात. कृपा करून असं करू नका. साडेसहा इंचाच्या उघड्या भोकात लहान मूल जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली याबाबत सूचना दिल्या आहेत. सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे, बोअरचाच चुरा यांनी भरायची. चालू बोअरभोवती सिमेंटचा ओटा करायचा आणि केसिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपला, वेल्ड केलेली पत्रा-प्लेट किंवा नट-बोल्टची भक्कम टोपी बसवायची. मोटर दुरुस्तीला वर काढली असेल, तेव्हाही तोंड उघडं ठेवायचं नाही. खड्डे बुजवून जमीन होती तशी करून देणं हेही त्याच सूचनांत आहे. कोरडी बोअर भरण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, ते कोटेशनमध्ये धरलेले असतात.

द्राक्षवाल्यांना एक विनंती. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट आलेली असताना बागेत बोअर घेऊ नका. कॉम्प्रेसर उडवतो ती भुकटी पानांवर आणि घडांवर बसते. माल उतरल्यावर, खरड छाटणीच्या आधी बोलवा. त्या दिवसांत आमच्याकडे नंबर लागतो, म्हणून जानेवारीतच सांगून ठेवा.

काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर आम्ही त्याच चार कोपऱ्यांतून फोटो काढतो आणि दोन्हींची प्रत तुम्हाला देतो. शेवटचा हप्ता तुम्ही जागा पाहिल्यावरच द्यायचा. पहिल्या चांगल्या पावसानंतर आमचा माणूस एकदा फेरी मारतो, कारण भरलेली माती तेव्हा हमखास बसते. त्यासाठी वरच्या मातीचा एक छोटा ढीग बांधावर मुद्दाम राखून ठेवलेला असतो. तोवर तो कुणाला उचलू देऊ नका.